कौंडण्यपूरची कार्तिकी : एका कुटुंबाचा दिवस

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत, पुलगांव आणि आर्वी यांच्या दरम्यान, रोहणा हें गांव आहे. इतिहासाच्या ग्रंथांत त्याचें नांव क्वचितच आढळेल. आज ज्या इतिहासाविषयीं मी बोलणार आहें तोहि राजेरजवाड्यांचा नाहीं. वर्षांतून एक दिवस शेतकऱ्याचें सारें घर बंडी जुंपून जत्रेला निघे, त्या एका दिवसाचा तो इतिहास आहे. असा दिवस कोणी बखरींत लिहून ठेवीत नाहीं, कारण त्या दिवशीं कांहीं घडत नाहीं. माणसें जातात, पाहतात, जेवतात, थोडी खरेदी करितात आणि परत येतात. परंतु ती कोणत्या वाटेनें गेलीं, कोणती हद्द ओलांडून गेलीं, हातांत पैसा कोठून आला आणि घरांतील कोण मागें राहिलें, हे प्रश्न विचारूं लागलें म्हणजे त्या रिकाम्या दिवसांत पुष्कळ कांहीं भरलेलें सांपडतें.

रोहण्याच्या परिसरांतील गांवांना ओढ लावणारी एक मोठी जत्रा म्हणजे कौंडण्यपूरची कार्तिकी. कौंडण्यपूर हें आर्वीच्या पश्चिमेस, वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत आहे. हेंच पुराणांतील कुंडिनपूर, विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचें माहेर, अशी या भागांतील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. कार्तिक शुद्ध एकादशीपासून तेथें माणसें जमूं लागतात आणि वद्य प्रतिपदेला दहीहंडी फुटते.

हा मुहूर्त पंचांगानें जितका ठरविला आहे तितकाच तो शेतीनेंहि ठरविला आहे. आषाढांत वाट चिखलाची आणि नदी दुथडी भरलेली; त्या काळ्या जमिनींत बंडीचें चाक रुतलें तर बैलांनाहि निघत नाहीं. कार्तिकांत नदी ओसरते, रान कोरडें होतें, ज्वारी कणसांत भरलेली असते आणि कपाशीची पहिली वेचणी घरांत आलेली असते. म्हणजे वाट मोकळी आणि गांठीं चार पैसे, हा योग वर्षांतून याच सुमारास येई. एकादशीला पंढरपूर गांठणें प्रत्येकाला साधत नाहीं; ज्याला तें साधत नसे तो रुक्मिणीच्या माहेरीं जाऊन समाधान मानी.

हे जे चार पैसे म्हटले, त्यांचा उगम कोठें आहे हेंहि पाहिलें पाहिजे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वर्धेच्या खोऱ्यांतील कापसाला एकाएकीं सोन्याचा भाव आला. १८६२ मध्यें नागपूर जिल्ह्यांतून वर्धा हा वेगळा जिल्हा काढण्यांत आला. १८६७ मध्यें मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला. त्या मार्गावरील पुलगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. आणि १९१७ मध्यें पुलगांवाहून आर्वीपर्यंत अडीच फूट रुंदीची लहानशी रेल्वे सुरू झाली. तिची लांबी अवघी सुमारें बावीस मैल. तिच्यावर रोहण्याचेंहि एक स्थानक होतें. ही गाडी कांहीं यात्रेकरूंच्या सोयीसाठीं काढलेली नव्हती. रुईचे गठ्ठे मुख्य मार्गावर आणून पोंचवावे आणि तेथून ते मुंबईच्या बंदराकडे जावे, एवढाच तिच्या चालकांचा हेतु. परंतु कापसासाठीं आलेल्या गाडींत माणसेंहि बसलीं. मॅंचेस्टरच्या मागाकरितां टाकलेल्या रुळांवरून रोहण्याची आजी आर्वीपर्यंत देवदर्शनाला गेली.

तरीहि कुटुंबाचा खरा प्रवास बंडीचाच. आर्वीला उतरून पुढची वाट बंडीनेंच काटावी लागे. आणि घरचे बैल असतांना माणशीं भाडें कशाला भरावें, असा हिशेब करणारीं घरें थोडीं नव्हतीं. आदल्या रात्रीं बैलांना सरकी चारावयाची, शिंगांना रंग द्यायचा, गळ्यांत घुंगुरमाळा घालावयाच्या. ज्याच्या घरीं दमणी असे त्याची ऐट निराळी. बाकीच्यांनीं बंडींत कडबा पसरून त्यावर वाकळ अंथरली कीं बैठक झाली. शिदोरींत ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, तिळाची चटणी, आणि नदीकांठीं भाजावयाच्या रोडग्यांसाठीं कणीक व वांगीं. पहांटे चांदणें असतांनाच निघावयाचें. म्हातारीं माणसें आणि लहान मुलें बंडींत. कर्ता पुरुष कासऱ्याला. तरुण मुलगे बंडीच्या मागून पायीं. लेकीसुनांना एरवीं विहीर, शेत आणि चूल या तीन ठिकाणांपलीकडे वाट ठाऊक नसे. त्यांना हा रस्ता म्हणजे वर्षाचा झरोका होता.

घर मात्र कधींहि सर्वस्वीं रिकामें ठेवीत नसत. दुभतीं जनावरें असत, वेचलेला कापूस ओटीवर पडलेला असे. राखणीला कोणीतरी मागें राहिलेंच पाहिजे. तें कोण, याचा निर्णय मोठ्यानें बोलून होत नसे. पण तो सर्वांना ठाऊक असे.

दिवस वर येतां येतां वर्धा नदी येई. आज त्या नदीकडे पाहून ही एकेकाळीं दोन राज्यांची शीव होती हें कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं. १८०३ सालच्या युद्धांत नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पराभव झाला आणि डिसेंबर महिन्यांत देवगांव येथें तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील मुलुखावरील हक्क त्यांना सोडावा लागला; तो निजामाकडे गेला. त्या दिवसापासून रोहण्याचा कुणबी भोसल्यांची प्रजा आणि समोरच्या तीरावरील कौंडण्यपूरचा पुजारी निजामाची. पन्नास वर्षें हा प्रकार चालला. १८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि पाठोपाठ नागपूरचें राज्यहि खालसा झालें. पण दोन्ही तीर एका सत्तेखालीं आले तरी एका कारभाराखालीं आले नाहींत. वऱ्हाडचा कारभार वेगळा, मध्यप्रांताचा वेगळा. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. पुढें १९५६ मध्यें हा सगळा मराठी मुलूख मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला.

दीडशें वर्षांत या नदीचा दर्जा असा अनेकदां बदलला. तिच्यांतून बंडी उतरविणाऱ्या माणसाला मात्र बैलांचे पाय कोठें टिकतील एवढाच विचार करावयाचा असे. लेकी इकडून तिकडे दिल्या जात आणि सुना तिकडून इकडे येत. सरहद्दीचे नकाशे काढणाऱ्यांना सोयऱ्यांचे नकाशे कधीं दिसत नाहींत. जत्रेंत भेटणारीं माणसें पुष्कळ वेळां ह्याच नात्यांचीं: पलीकडे दिलेली बहीण, तिचीं मुलें, वर्षभरांत न भेटलेली आई. देवाचें दर्शन हा या भेटीचा मान्य झालेला बहाणा होता असें मी म्हटलें तर भाविकांनीं रागावूं नये. रुक्मिणी ही स्वतःच माहेरवाशीण आहे, तिला हें चांगलें समजत असेल.

कौंडण्यपूर हेंच प्राचीन कुंडिनपूर काय, या प्रश्नाला दोन उत्तरें आहेत. एक श्रद्धेचें, तें वर सांगितलेंच आहे. दुसरें फावड्याचें. १९६० नंतरच्या दशकांत पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं येथील टेकाडांचें उत्खनन केलें. त्यांत लोहयुगीन महापाषाण संस्कृतीचे आणि त्यानंतरच्या सातवाहनकाळचे अवशेष मिळाले. यावरून रुक्मिणीचें स्वयंवर सिद्ध होत नाहीं, आणि उत्खननाकडून तशी अपेक्षा करणेंहि योग्य नव्हे. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, या नदीकांठीं दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीं माणसांची भरभराटलेली वस्ती होती. पुराणकथेला उतरावयाला एवढी जागा पुरेशी आहे.

कथेला वाटेकरी मात्र पुष्कळ आहेत. रुक्मिणी ज्या अंबिकेच्या देवळांतून कृष्णानें नेली तें देऊळ येथेंच होतें असें कौंडण्यपूरकर दाखवितात. तर अमरावतीचे लोक तो मान आपल्या अंबादेवीला देतात आणि दोन्ही ठिकाणांना जोडणारें भुयार होतें असेंहि सांगतात. वादाचा हा निकाल मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. भुयार खणलें म्हणजे दोघांचेंहि खरें. बहिणीला सोडवून आणल्याशिवाय कुंडिनपुरांत पाऊल ठेवणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करून गेलेला रुक्मी पराभूत झाल्यावर परतलाच नाहीं. त्यानें भोजकट वसविलें. तें भोजकट म्हणजे अमरावतीजवळचें भातकुली असें मानतात. भोजकट हें नांव मात्र निव्वळ काव्यांतलें नाहीं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मक येथील ताम्रपटांत भोजकट राज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तिकडे दूर ईशान्येस, अरुणाचल प्रदेशांत, भीष्मकनगर नांवाच्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तेथील इदु मिशमी लोकांतहि रुक्मिणी आपली असें सांगणारी परंपरा आहे. गुजराथच्या किनाऱ्यावर माधवपूर येथें कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची जत्रा चैत्रांत भरते. एका मुलीचीं माहेरें दोन आणि लग्नमंडप तिसरीकडे. देशाच्या तीन कोपऱ्यांनीं तिला वांटून घेतलें आहे.

मला या सर्वांहून एक वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. प्राचीन वाङ्मयांत कुंडिनपुराचें नांव जेथें जेथें गाजलें तेथें तेथें प्रसंग मुलीच्या वरणाचा आहे. महाभारतांतील दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. देव मंडपांत बसले असतां तिनें नळालाच माळ घातली. कालिदासाच्या रघुवंशांतील इंदुमती विदर्भाचीच. तिनें राजामागून राजे मागें टाकीत अजाला वरलें. आणि तिसरी रुक्मिणी. तिच्या भावानें तिला शिशुपालाला द्यावयाचें ठरविलें, तेव्हां तिनें एका ब्राह्मणाच्या हातीं कृष्णाला पत्र धाडलें. भागवताच्या दशम स्कंधांत तें पत्र सात श्लोकांचें आहे. आपल्याला केव्हां, कोठून आणि कशा रीतीनें न्यावें, याची योजनाहि त्यांत तिनें स्वतःच लिहिली आहे.

या पत्राचा मोह मराठी कवींना पहिल्यापासून पडला. कौंडण्यपुराहून फार दूर नसलेल्या ऋद्धिपुरांत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीगोविंदप्रभूंच्या इच्छेवरून कृष्णविवाहाचा सोहळा झाला आणि त्या वेळीं महदंबेनें धवळे रचून गाइले. मराठींतील ही आद्य कवयित्री, आणि तिचा विषय रुक्मिणीचें लग्न. त्याच शतकाच्या शेवटीं नरेंद्र कवीनें रुक्मिणीस्वयंवर लिहिलें. पुढें १५७१ मध्यें काशीक्षेत्रीं एकनाथांनीं आपलें रुक्मिणीस्वयंवर पुरें केलें. तें तर महाराष्ट्रांत घरोघर गेलें. उपवर मुलीनें त्याचें पारायण केलें म्हणजे तिचें लग्न लवकर जमतें अशी समजूत रूढ झाली, आणि ती अजूनहि पुष्कळ घरांत आहे.

आतां त्या बंडींतल्या कुटुंबाकडे पुन्हां वळूं. नदी उतरून, स्नान आटोपून, मंडळी विठ्ठल-रुक्मिणीच्या दर्शनाला जात. दर्शन झालें कीं नदीकांठीं झाडाखालीं गोवऱ्यांचा विस्तव पेटे, रोडगे भाजले जात, वांग्यांची भाजी शिजे. त्याच सावलींत नात्याचे, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे पुरुष येऊन बसत. पानसुपारी होई. कपाशीच्या भावावरून बोलणें निघे आणि हळूहळू एखाद्याच्या मुलीवर येई. वर्षभरांत दहा गांवांचीं माणसें एका ठिकाणीं जमण्याचा हा प्रसंग. सोयरिकी जुळविण्याला याहून सोयीची जागा कोणती? मुलगी चार हातांवर आजीजवळ बसलेली असे. तिला पाहावयाचें तें दुरून पाहून घेत. तिला विचारण्याची रीत नव्हती.

ज्या गांवीं हें चाले तें गांव स्वतः वर निवडून त्याला पत्र धाडणाऱ्या मुलीचें. देवळांत तिची पूजा करून बाहेर येणारे बाप झाडाखालीं बसून रुक्मीचेंच काम करीत, फक्त त्यांना तसें कधीं वाटत नसे. मी यांत त्यांची निंदा करीत नाहीं. कर्ज, जमीन, जात, हुंडा, मुलीचें वाढतें वय, या सगळ्यांचें ओझें त्यांच्या बोलण्यावर असे. भावानें निवडलेल्या शिशुपालांत बहुतेक वेळां वाईट असें कांहीं नसेहि. परंतु विसंगति ती विसंगतिच. १९२९ मध्यें शारदा कायदा संमत झाला आणि १९३० च्या एप्रिलपासून मुलीचें किमान वय चौदा, मुलाचें अठरा असें ठरलें. त्या कायद्यावरून सनातनी मंडळींनीं केवढा गदारोळ केला तो सर्वांना ठाऊक आहे. विदर्भाच्या तीन राजकन्यांचें वय आणि त्यांची निवड यांविषयीं त्या गदारोळांत फारसें कोणी बोललें नाहीं, हें मात्र आश्चर्य आहे.

दुपार कलली कीं बायकांचा वेळ येई. कासाराच्या पालांत हात पुढें करून बांगड्या भरून घ्यावयाच्या, आणि त्या भरतांना कासारानें दोन गोष्टी बोलाव्या तर त्याहि ऐकावयाच्या. कुंकू, फणी, काळी पोत, एखादें लुगडें. त्याची किंमत मनांत धरून तीनतीनदां त्याच दुकानावरून जावयाचें. गोंदणारीण बसलेली असे. मुलांना फुटाणे, रेवड्या, मुरमुरे. धीट असेल त्याला रहाटपाळणा. कर्त्या पुरुषाच्या कनवटीला जो पैसा असे तो सर्वस्वीं त्याचा नसे. सावकारानें कपाशी उभी असतांनाच तिच्यावर डोळा ठेवलेला. म्हणून जत्रेंतील खर्च नेहमीं थोडा आणि पुष्कळ विचारांती झालेला असे. त्या दिवसाची श्रीमंती वेळाची होती. घाई नव्हती, कोणाची हांक नव्हती, कामावरून कोणी बोल लावणारें नव्हतें. वर्षांतील तीनशें चौसष्ट दिवस ज्यांनीं सूर्याबरोबर उठून काम केलें त्यांना हा एक दिवस नुसतें पाहत हिंडण्याचा मिळे.

जत्रेच्या या आनंदाला एक काळी किनारहि होती. एकोणिसाव्या शतकांत जत्रा आणि पटकी यांची जोडी ठरलेली. नदींतच स्नान, नदीचेंच पाणी प्यावयाला, आणि कांठावरच सारी घाण. मग जत्रेहून आलेल्या माणसाबरोबर रोग गांवांत येई आणि घरेंच्या घरें बसत. पुढें विसाव्या शतकांत याच अमरावती जिल्ह्यांत जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं हातांत खराटा घेऊन जत्राखेत्रांच्या जागा झाडण्यास प्रारंभ केला. दिवसा झाडावयाचें आणि रात्रीं कीर्तनांत लोकांना त्यांच्या घाणीबद्दल बोलावयाचें, हा त्यांचा शिरस्ता. तिवसा तालुक्यांतीलच मोझरीला १९३५ मध्यें तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि त्यांच्या खंजिरीचा नाद या भागाच्या कानांत बसला. जत्रा सुधारली ती कायद्यानें थोडी आणि या दोघांच्या शब्दानें पुष्कळ, असें माझें मत आहे.

आतां हा दिवस पूर्वींच्या रीतीनें उगवत नाहीं. पुलगांव-आर्वीची लहान गाडी बंद पडून पुष्कळ वर्षें लोटलीं. वर्धा नदीवर वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोरा येथें आणि खालीं आर्वी तालुक्यांतच धनोडी येथें धरणें झालीं. नदीचा स्वभाव आतां पावसापेक्षां दरवाजांवर अधिक अवलंबून असतो. मोटारीनें जाणारें कुटुंब दर्शन घेऊन जेवणाच्या वेळेपर्यंत घरीं परतूं शकतें. दिवस वांचतो, पण वांचलेल्या दिवसाचें काय करावयाचें हें त्या कुटुंबालाहि नीट सांगतां येत नाहीं. कार्तिकीची दहीहंडी होते. आषाढांत कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पायीं पंढरपुराला जाते. १५९४ मध्यें सदाराम महाराजांनीं तिचा प्रघात पाडला अशी परंपरा आहे. माहेराहून लेकीकडे जाणारी पालखी म्हणून पंढरींत तिचा मान मोठा.

बंडीच्या काळीं परतीला रात्र होई. बैलांना वाट पाठ असे; कासरा सैल सोडला तरी चाले. मुलें कडब्यावर झोपून जात, बायका दिवसभरांत भेटलेल्या माणसांची उजळणी करीत, आणि ज्या मुलीची गोष्ट झाडाखालीं निघाली होती ती गप्प बसलेली असे. गांवांत शिरतांना घुंगुरांच्या आवाजानें कुत्रीं भुंकत. घरीं जी राखणीला मागें राहिली होती ती बहुधा कोणी बालविधवा, नणंद किंवा आत्या. ती कंदील घेऊन दारांत येई, बैल सोडून बांधी, झोंपलेल्या मुलांना एकेक करून आंत नेई. मग गांठोडें सोडलें जाई. बांगड्या, कुंकू, पोत, यांतील कांहींच तिच्या उपयोगाचें नसे. तिच्यासाठीं पानाच्या द्रोणांत काल्याचा प्रसाद आणि कागदाच्या पुडींत बुक्का आणलेला असे. ती तो कपाळाला लावी, आणि आजीजवळ बसून गर्दी किती होती, नदीला पाणी किती होतें, रुक्मिणीला या वर्षीं कोणतें लुगडें नेसविलें होतें, हें सारें बारकाईनें विचारून घेई.